मॉरिसचा दम

"ढकला मामा, थांबू नका," असं मी म्हणालो तेव्हा माझा उजवा कान एका जुन्या मॉरिस गाडीच्या सायलेन्सरला लागलेला होता, दोन्ही गुडघे अंगणातल्या फरशीवर होते, आणि अंगात मुलगी बघायला जायचं म्हणून आईनं इस्त्री करून दिलेला फिकट निळा शर्ट होता.

आकाराममामा ढकलत होते. त्यांनी या दिवसासाठी कोट घातला होता. वरपक्षाचा वडीलधारा म्हणून आपण खुर्चीत बसायचं, सुपारी कातरायची आणि अधूनमधून खाकरायचं, एवढंच काम आहे अशी त्यांची समजूत होती. गाडी पुढं सरकेल तसा मी मागून रांगत होतो.

"सर्ज्या," मामा धापा टाकत म्हणाले, "ही एकदा अडतीय, एकदा सुटतीय. पुन्हा अडतीय, पुन्हा सुटतीय."

"तेच बघायचंय. ढकला."

आम्ही दोघं अगदीच खुळे नव्हतो, म्हणून सांगतो. बंद गाडी टॉप गिअरमध्ये टाकून ढकलली की चाकांबरोबर आतलं इंजिनही फिरतं, आणि प्रत्येक सिलिंडर आपली पाळी आली की आतली हवा दाबून धरतो. ढकलणाऱ्याच्या हाताला ते अडल्यासारखं लागतं. याला आम्ही मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतो, जुनी माणसं दम म्हणतात. चारही सिलिंडर धडधाकट असले तर चारही वेळा हाताला सारखंच अडतं. या गाडीचे दोन दम धरत होते आणि दोन सोडत होते, आणि सोडलेला दम फुस्स करून माझ्या कानात येत होता.

एक मीटर लावलं असतं तर हे उभ्या उभ्या कळलं असतं. पण त्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी साधा पाना उचलत नाही. हत्यारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना विश्रांती. म्हणून तर मला सुट्टी होती, आणि म्हणून तर मामांनी मुलगी बघायला हाच दिवस धरला होता. या घरातही व्हरांड्यात पाटावर पांढरं कापड अंथरून पाने, हातोडी, गाडीचं हँडल असं सगळं मांडलेलं होतं. घरमालकांनी स्वतः कुंकू लावलं होतं, पण बरीचशी बोटं पान्यांवर न पडता शेजारी कापडावर पडली होती. म्हातारा घाईत असणार, असं मी मनाशी म्हटलं.

म्हातारा म्हणजे दत्ताजीराव सासने. सासने मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे सासने मास्तर. डावीकडच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या कोल्हापूरला स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं. गुडघे धरतात म्हणून स्कूल बंद केलं, असं ते सांगत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि एकुलती एक लेक, विजयमाला. राहिलेला एकच नेम: रविवारी मॉरिस काढायची, लेकीला शेजारी बसवायचं आणि जोतिबाच्या डोंगरावर जायचं. या नेमातच खोट आली होती. केर्ली गावाच्या पुढं चढ लागला की मॉरिस मान टाकत होती.

आम्ही आलो तसं मास्तरांनी माझ्याकडं तोंड करून "पांढरा शर्ट शोभतोय पाव्हण्यांना" एवढं कौतुक केलं आणि चहाच्या आधीच मामांना सांगून टाकलं: मुलीचं बोलणं नंतर. तुमचा भाचा म्हणे नुसत्या कानानं इंजिनाचं दुखणं ओळखतो, तर आधी माझ्या गाडीचं ओळखू दे. दोन मिस्त्री येऊन गेले, दोघांनी दुरुस्त करून दिली आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत पुन्हा दम गेला. आज हत्याराला हात लावायचा नाही. कान तेवढा वापरा.

गाडीला कसा चालेल मग हात, असं मामांनी विचारलं, कारण त्यांना चहा हवा होता. मास्तर म्हणाले, गाडी हत्यार नव्हे, घरचं माणूस आहे.

आता या कानाबद्दल. उद्यमनगरात मला कानवाला मिस्त्री म्हणत. हे नाव लोकांनी दिलं असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर ते मीच काढलं होतं आणि लोकांच्या तोंडात बसेपर्यंत नेटानं वापरत राहिलो होतो. गाडी गॅरेजच्या दारात आली की मी डोळे मिटून मान तिरकी करायचो. बऱ्याचदा ऐकू काहीच यायचं नाही, पण गिऱ्हाईक गप्प उभं राहायचं, ते मला फार आवडायचं.

आणि विजयमालेबद्दल. तिला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, स्पेअर पार्टच्या दुकानात. मी गिअर ऑइल घ्यायला उभा होतो आणि शेजारी ही उभी राहून विचारत होती, मॉरिसचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग आहे का? दुकानदारानं भलतंच काढून दिलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे नव्हे, हे दुसऱ्या गाडीचं. झालं. लोक डोळ्यांवर भाळतात, केसांवर भाळतात. मी पॅकिंगवर भाळलो. घरी येऊन जेवलो नाही. आईला वाटलं पित्त झालं, तिनं कोकमाचं सरबत पाजलं. दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठून सांगितलं, लग्न करीन तर सासने मास्तरांच्या मुलीशी. मामांनी चार ठिकाणी चौकशी केली आणि माझ्या कानाची इतकी जाहिरात केली की शेवटी तो सायलेन्सरला लावायची वेळ आली.

तपासणी तशी मी झोकात सुरू केली होती. मॉरिस चालू करून डोळे मिटले, मान तिरकी केली. आवाज असा की काय सांगावं! नुसती गुरगुर, कुठं टकटक नाही, खडखड नाही. "मास्तर, इंजिन काय मऊ चालतंय," मी म्हणालो. मास्तर म्हणाले, वाटतं खरं तसं.

मग ऑइल भरायचं झाकण हातानं उघडलं. धूर नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. रेडिएटरचं झाकण काढलं. पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत. दोन्ही वेळा मी डोळे मिटले. डोळे मिटायची काहीएक गरज नव्हती, पण दारात बांगड्या वाजल्या होत्या. मग इंजिन बंद केलं, मामांना मागं लावलं आणि खाली बसलो.

तर फुस्स. जिथून धूर जातो त्या वाटेनंच दम निसटत होता. धुराच्या वाटेचे दोन व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हते. का मिटत नव्हते? जळले असते तर दोन मिस्त्र्यांनी दुरुस्त केल्यावर आठवड्यात पुन्हा कसे जळतील? मी रांगता रांगता विचार करत होतो, आणि तेव्हा मघाची ती मऊ गुरगुर माझ्या ध्यानात आली.

जुनं इंजिन मऊ चालत नसतं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या कळीत आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, तिला आम्ही टॅपेटची फट म्हणतो. फट असली की टकटक वाजणारच. आमचे उस्ताद म्हणायचे, टॅपेट बोलतंय तोवर घोरत पडा, गप्प झालं की उठून बसा. फट संपली की आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि दम जातो. म्हणजे कुणीतरी टॅपेट आवळून ठेवलं होतं. आणि मी त्याच शांततेचं कौतुक करून बसलो होतो, डोळे मिटून.

मी उठलो. शर्ट झटकला.

"सापडलं, मास्तर."

मामांनी ढकलणं सोडून कोट सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर अक्षता पडल्याचं समाधान होतं. मास्तरांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली. उत्सुकता, असं मी समजलो.

"सांगा," ते म्हणाले.

"आधी तोंड धुऊ दे त्यांना, आण्णा," दारातून आवाज आला. "कान काळा झालाय पार. या, मागं नळ आहे."

मी कानाला हात लावला. सायलेन्सरच्या तोंडाएवढं काजळीचं कडं कानाभोवती उमटलं होतं. मुलगी बघायला गेलेल्या माणसाला मुलगी स्वतःहून मागच्या अंगणात बोलावते, हे बघून मामांनी मला असा डोळा घातला की त्यांचं वय आठवून मलाच लाज वाटली.

नळाशी विजयमालेनं साबण हातात दिला आणि विचारलं, "काय सापडलं?"

मला हेच तर हवं होतं. मी ऐटीत सांगितलं, "सगळ्याच टॅपेटची फट कमी झालीय, दोनांची तर पार संपलीय. आधीच्या मिस्त्र्यानं आवळून ठेवलंय. गाढव असणार कुणीतरी."

"मिस्त्र्यानं नाही. मी आवळलंय."

साबण माझ्या हातून सटकून मोरीत गेला.

"दोघांनी नीट करून दिलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच पुन्हा आवळलं. आण्णांनीच शिकवलंय मला ते काम. कव्हर काढताना पॅकिंग फाटलं, ते आणायला दुकानात आले तेव्हा तुम्ही तिथं होतात. बघत होता टकामका."

म्हणजे ते पॅकिंग! ज्याच्यापायी मी सरबत प्यालो ते पॅकिंग. या घरातलं दुखणं मला दुकानातच कळायला हवं होतं. पण मी कानाचा मिस्त्री. डोकं हे माझं खातंच नव्हतं. आणि बघा, इतकं सगळं ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं?

"अहो, पण अशानं व्हॉल्व्ह जळतील!"

"जळू देत," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह बदलता येतो."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. श्रावणात डोंगरावरून खाली येताना वळणावर एक पोरगी शेळ्या घेऊन रस्त्यात उभी होती. दिवसाढवळ्या, लाल परकर नेसलेली. आण्णांनी गाडी हळू केली नाही. हिला वाटलं, शेवटच्या क्षणी करतील, इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस. पण केली नाही. हिनं हँडब्रेक ओढला. गाडी फिरून कठड्याला टेकली. शेळ्या पळाल्या, पोरगी तिथंच रडायला लागली.

"आण्णा माझ्यावर चिडले," ती म्हणाली. "म्हणाले, मोकळ्या रस्त्यात ब्रेक का ओढलास? त्यांना रडणं ऐकू आलं तेव्हा कळलं. मग घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत."

डोळे दाखवू या म्हटलं की ते ताटावरून उठत. रविवारी मात्र आंघोळ करून, टोपी घालून गाडीपाशी हजर. न्यायचं नाही म्हणायची हिची छाती नव्हती, आणि त्यांना एकटं सोडायचीही नव्हती. मग हिला टॅपेट आठवलं. गाडी घरापासून केर्लीपर्यंत सपाटीवर हळूहळू जायची, चढ लागला की थांबायची. तिथून डोंगराला हात जोडायचे आणि माघारी यायचं.

"तुम्ही आत्ता जाऊन सांगितलंत, तर उद्या पूजा उतरली की टॅपेट सुटेल," ती म्हणाली, "आणि या रविवारी आण्णा डोंगरावर. मी शेजारी असेनच. पण हँडब्रेक दर वेळी वेळेत हाताला लागेल असं नाही."

"मग मी काय सांगू त्यांना?"

"ते तुम्ही ठरवा. तुमचं नाव आहे गावात. खोटं बोला असं मी कुठल्या तोंडानं सांगू?" तिनं टॉवेल पुढं केला. "कानामागं अजून आहे."

मी कान घासत राहिलो. दुखणं सांगितलं तर मास्तर खुश, मुलगी माझी, आणि एखाद्या रविवारी दोघंही दरीत. नाही सांगितलं तर मास्तर मला हाकलणार, उद्यमनगरात हसं होणार, आणि मुलगीही जाणार. दोन्हीकडून माझंच टॅपेट आवळलेलं. आणि तरी लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत असेल तर इतकं सुंदर पकडलेलं दुखणं कुणाला सांगता येणार नाही याचं.

बाहेर आलो तर पाटावरची पूजा समोर होती. पांढऱ्या कापडावर पान्यांच्या शेजारी पडलेली कुंकवाची बोटं. मी आपल्या शर्टाकडं बघितलं. निळा होता. अजूनही, काजळी सोडून, निळाच.

"हं," मास्तर म्हणाले, "सांगा."

"नाही सापडलं, मास्तर."

मामा अर्धे उठले. "अरे, आत्ता तर म्हणालास..."

"वाटलं होतं सापडलं. कान धुतल्यावर कळलं की ते नव्हे."

मामा पुन्हा बसले. कान धुतल्यावर! हे वाक्य पुढं त्यांनी माझ्या नावावर गावभर फिरवलं. आजही आमच्या पाव्हण्यांत कुणी शब्द फिरवला की, कान धुऊन आलास काय, असं विचारतात.

खुर्चीच्या हातावरची मास्तरांची बोटं सैल झाली. शेवटी ते उठले आणि म्हणाले, चालवून बघितल्याशिवाय गाडी कळत नसते, चला एक चक्कर मारू. आणि गाडीला चाचपत चाचपत उजव्या दाराकडं निघाले.

मी विजयमालेकडं बघितलं. ती दाराची चौकट धरून उभी होती, हलत नव्हती. मी पळत जाऊन उजव्या सीटवर बसलो. म्हणालो, "मी चालवतो मास्तर, माझ्या हाताला कळू दे."

मास्तर दारापाशी थांबले. मला वाटलं, आता हा माणूस मला कॉलर धरून बाहेर काढणार. पण ते बॉनेटवरून हात फिरवत पलीकडं गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले. मामा आणि विजयमाला मागं.

मी रोज डझनभर गाड्या आतबाहेर करणारा माणूस. पण शेजारी सासने मास्तर, मागं ती, तिच्या शेजारी उसासे टाकणारे मामा. पहिला गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज झाला की कोपऱ्यावरचा पानवाला वळून बघायला लागला. तो आवाज खरा होता. मी घाबरलो होतो, म्हणून झाला.

"क्लच!" मास्तर ताठ झाले. "पूर्ण दाब. आता अर्धा सोड. अर्धा म्हटलं की अर्धा!" त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला गेला. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो तसा. मॉरिसला तो नव्हता, पण पाय गेलाच. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि मघापासून खुर्चीत बसलेला म्हातारा कुठंतरी गेला होता. मान पुढं, कान इंजिनाकडं, हात माझ्या स्टेअरिंगच्या जरा खाली, न लागता. या सीटवर त्यांना डोळे लागत नव्हते.

दुसरा गिअर मी मुद्दाम कर्रर्र केला.

"अरे, इंजिन ओरडतंय तोवर बदलायचा! ऐक की! तू कानवाला म्हणे!" मास्तरांनी मला अरेतुरे करायला सुरुवात केली होती. रंकाळ्याच्या कडेनं आम्ही गेलो आणि मी येईल तितकी वाईट गाडी चालवली. दोनदा बंद पाडली. एकदा हात दाखवायचा तर वायपर लावला. मामा मागून म्हणाले, मला उतरवा, मी चालत येतो. आरशात विजयमालेनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. बहुधा दोन्ही.

घराशी गाडी थांबवून मी म्हणालो, "मास्तर, गाड्या दुरुस्त करण्यात हयात चाललीय, पण नीट चालवायला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही शिकवाल?"

मामांनी कपाळावर हात मारला. मुलगी मागायला आणलेला भाचा नापास होऊन वर शिकवणी मागत होता.

"सपाटीवर काय शिकायचं," मास्तर म्हणाले. "चढ चढला तो ड्रायव्हर. रविवारी ये. डोंगरावर जाऊ. गाडी तू चालवायची, मी सांगेन तशी."

"पण ही चढत नाही ना, आण्णा," विजयमाला मागून घाईघाईनं म्हणाली. मग थांबली, आणि आरशात माझ्याकडं बघत सावकाश म्हणाली, "उद्या पूजा उतरल्यावर ह्यांना पुन्हा एकदा बघू दे."

दसऱ्याला सकाळी मी गेलो. मास्तर व्हरांड्यात त्याच खुर्चीत होते. विजयमालेनं स्वयंपाकघरातून फट मोजायची पट्टी आणून गुपचूप माझ्या हातात ठेवली. ती तिनं चटणीच्या डब्यात लपवलेली होती. दसऱ्याला लोक एकमेकांना सोनं म्हणून आपट्याचं पान देतात, मला कांदा-लसूण चटणीत माखलेली पट्टी मिळाली, आणि त्या पट्टीला नाक लावून मी इतका वेळ उभा राहिलो की विजयमाला म्हणाली, "पुसा आता, काम करा."

मी कव्हर काढलं, टॅपेट सैल केली, पट्टी घालून फट बघितली, कव्हर लावलं. गाडी चालू केली. टक टक टक टक. मॉरिस बोलायला लागली. विजयमाला चहा टाकायला आत गेली.

"इकडं ये," मास्तर हळूच म्हणाले.

मी जवळ गेलो. त्यांनी हात पुढं केला, तो माझ्या खांद्यावर न पडता छातीवर पडला, तिथंच त्यांनी ठेवला.

"काल नळावर जायच्या आधी तुला सापडलं होतं."

मी हातातली पट्टी पुसत राहिलो.

"मिस्त्री दुरुस्त करून जायचा, चार दिवस टकटक ऐकू यायची आणि एका सकाळी थांबायची. स्क्रू आपोआप आवळत नसतो. डोळे गेलेत रे माझे, कान नाही गेले."

डोळे गेलेत हे शब्द त्यांनी इतके साधे म्हटले, पण मला वाटतं ते पहिल्यांदाच म्हटले. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही?

"काय बोलू? सासने मास्तरला दिसत नाही म्हणू? गाडी चढत नाही म्हणून घरी बसलो, हे बरं होतं. पण लोक विचारायचे, दुरुस्त का करत नाही? मग मिस्त्री बोलवावा लागायचा. दोघं आले ते दोघंही हुशार. दुरुस्त करून जायचे आणि मला पुन्हा निघावं लागायचं. गाडी नीट झाल्यावर कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" ते थोडा वेळ मॉरिसची टकटक ऐकत राहिले. "भीती वाटायची, सर्जेराव. पोर शेजारी असायची. मला एक मिस्त्री हवा होता, ज्याला काही सापडणार नाही."

आत कपबश्या वाजल्या. मास्तरांनी माझ्या छातीवरचा हात दाबला.

"मालाला सांगू नकोस. तिनं बापाला वाचवलंय. ते तिचंच राहू दे."

माघात आमचं लग्न झालं. मास्तर होते तोवर दर रविवारी मी जोतिबाच्या डोंगरावर गाडी चालवायला शिकत होतो. वर पोचलो की ते उतरून गुलाल लावायचे, देवाला आणि मग मॉरिसला, आणि हात चुकून बराचसा माझ्या शर्टावर पडायचा. शेवटच्या वर्षीही खाली येताना म्हणाले, प्रगती आहे, पण हाफ क्लच अजून कच्चा आहे. मी म्हटलं, होय मास्तर.

उद्यमनगरात मला पुन्हा कुणी कानवाला म्हटलं नाही. मामांनी ती सोयच ठेवली नाही. मालाला मात्र अजून त्या गोष्टीचा मोठा अभिमान आहे. नातवंडं जमली की ती टॅपेटची हकिकत रंगवून सांगते, आणि शेवटी दर वेळी माझ्याकडं वळून विचारते, "पण काही म्हणा, आण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही, नाही का हो?"

"त्यांना कसं कळणार," मी म्हणतो. "माझ्यासारख्या कानवाल्याला सापडलं नव्हतं."